भूत बाईचे, गाऱ्हाणे कुणाचे?

आपल्याकडच्या भुतांची वर्गवारी मोठी काटेकोर आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी गेला, तो मुंजा. संपत्तीत जीव अडकलेला ब्राह्मण, तो ब्रह्मसमंध. बायकांच्या भुतांना मात्र मुख्यतः दोनच निकष लावलेले दिसतात : नवरा आणि बाळंतपण. सौभाग्यवती गेली ती जखीण. बाळंतपणात गेली ती हडळ, कुठे अळवंतीण. बाळंतिणीच्या खोलीतून बाई परत न येणे ही नित्याची गोष्ट होती, त्या काळाची ही मृत्युनोंदच म्हणायची. हडळीला सगळे भीत. पण ती का चिडली आहे, हेही सगळ्यांना ठाऊक असे.

हिंदी पडद्यावरची पांढऱ्या साडीतली बाई या वंशातली नाही. सवाष्ण गेली तर आपण तिला हिरवे लुगडे नेसवतो, ओटी भरतो. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण विधवेचे आलवण तांबडे असे. पांढरी साडी ही कृष्णधवल चित्रपटाची सोय होती. अंधारात उजेड पकडणारे वस्त्र तेच. 'महल' (१९४९) या कमाल अमरोहींच्या पहिल्या चित्रपटात जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने ती सोय पुरेपूर वापरली आणि पुढच्या भुतांचा गणवेश ठरून गेला.

या परंपरेतले चित्रपट पुन्हा पाहताना मी वहीत तीनच रकाने आखले : भूत म्हणून दिसले कोण, त्यामागे हेतू कुणाचा आणि मेले कोण.

'महल'मध्ये कामिनीचे भूत म्हणून वावरते ती माळ्याची जिवंत मुलगी आशा. इथे हेतू निदान तिचा स्वतःचा, प्रेमाचा आहे. पण मरते कोण? नायकाची बायको रंजना. नवरा भुताच्या मागे लागला म्हणून ती विष घेते आणि त्याच्यावर आरोप ठेवून प्राण सोडते. चित्रपट संपल्यावर आपल्या लक्षात राहते ती मधुबाला. जिचे गाऱ्हाणे खरे होते, ती रंजना कुणाला आठवत नाही.

'बीस साल बाद'मध्ये (१९६२) ठाकुराने अत्याचार केलेल्या मुलीचा आत्मा सूड घेतो, अशी वदंता आहे. प्रत्यक्षात खून करणारा निघतो तिचा बाप. 'वह कौन थी'मध्ये (१९६४) कट संपत्तीचा आणि तो रचणारा पुरुष. त्यासाठी नायिकेच्या जुळ्या बहिणीला भूत बनवले जाते आणि निरपराध बायकोवर नवऱ्याचा संशय बसतो. दोन्हीकडे भीती बाईच्या नावावर, बेत पुरुषाचा. रहस्य उलगडले की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो : भूत नव्हतेच! पण भुताबरोबर त्या बाईचे म्हणणेही निकालात निघते.

अपवाद आहे तो 'मधुमती'चा (१९५८). बिमल रॉय यांचे दिग्दर्शन, ऋत्विक घटक यांची कथा. इथे घाट उलटा आहे. जमीनदाराकडून कबुली काढण्यासाठी मधुमतीसारख्या दिसणाऱ्या माधवीने भुताचे सोंग घ्यायचे ठरते. पण ती पोचण्याआधीच खरी मधुमती समोर उभी राहते आणि स्वतःच्या मृत्यूचा जाब स्वतः विचारते. माझ्या वहीत पहिल्या दोन रकान्यांत एकच नाव आले, ते इथे आणि 'महल'मध्ये; तिसऱ्यातही तेच नाव असलेला चित्रपट हा एकच.

पुढे रंग आला, रामसे बंधू आले, भुते खरी झाली. बाईला तिचे गाऱ्हाणे परत मिळाले का? 'पुराना मंदिर' (१९८४) पाहावा. राजा सामरी नावाच्या नराधमाचे शिर धडावेगळे करवतो आणि मरताना सामरी शाप देतो : या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. वैर दोन पुरुषांचे, फेड बाळंतिणींनी करायची. त्यातूनच मुलीचे लग्न होऊ नये म्हणून धडपडणारा बाप येतो. पण तिच्या देहाचा निर्णय तिच्याकडे येत नाही. सामरीचा नाश कसा करायचा, यावरच सगळी शक्ती खर्च होते.

'वीराना'त (१९८८) चेटकीण बाईच आहे. पण तिला राग कशाचा, यापेक्षा ती पुरुषांना कशी भुलवते यातच कॅमेऱ्याला रस आहे.

भयपटांवर लिहिताना बाई एकतर बळी असते किंवा मोहिनी, असे सांगून आपण थांबतो. ते खरेच आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती गाऱ्हाण्याची चोरी. 'पुराना मंदिर'मध्ये पिढ्यान् पिढ्या बायका बाळंतपणात मरतात आणि त्यांतली एकही परत येऊन कुणाला जाब विचारत नाही. ज्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या गावांनी हडळ रचली, त्यांनी मेलेल्या बाळंतिणीला निदान परत येण्याचा हक्क तरी दिला होता.