शायेन स्मृतीतील वीरस्त्री आणि तिचा वेष

मोंटाना प्रदेशात १७ जून १८७६ रोजी जनरल क्रुक याच्या सैन्याशी शायेन व लकोटा योद्ध्यांची जी लढाई झाली, तिला अमेरिकन लष्करी इतिहास ‘रोझबड’ या ओढ्याच्या नावाने ओळखतो. शायेन लोक मात्र तिला ‘मुलीने भावाला वाचविले ती लढाई’ असे म्हणतात. घोडा पडल्यामुळे शत्रूच्या माऱ्यात सापडलेल्या भावाला बफेलो काफ रोड या स्त्रीने घोडा फेकीत जाऊन उचलून आणले. लढाईच्या नावात तिचे नाव नाही, केवळ नाते आहे. तथापि मौखिक परंपरेत याहून मोठा सन्मान क्वचितच आढळेल.

आठच दिवसांनी लिटल बिगहॉर्न येथे ती पुन्हा रणात उतरली. त्या लढाईच्या साक्षीदार केट बिगहेड या शायेन स्त्रीचे निवेदन डॉ. मार्क्विस यांनी पुढे लिहून घेतले. त्यानुसार तेथील स्त्रियांपैकी पिस्तूल होते ते एकटीजवळच. याच निवेदनात आणखी एक प्रसंग येतो: शांततेचा भंग केल्यास मरशील, हा शायेन प्रमुखांचा इशारा कस्टरने पूर्वी ऐकला नव्हता; म्हणून दोघी शायेन स्त्रियांनी त्याच्या मृतदेहाच्या कानांत शिवणाची आरी खुपसली. प्रसंगाची शहानिशा करणे कठीण आहे. मात्र येथील हत्यार अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. आरी हे स्त्रीच्या नित्य कामाचे साधन. कातडी पोशाख तिनेच सिद्ध होई.

हे काम शायेन समाजाने कधीच हलके मानले नाही. ग्रिनेल यांनी वर्णिलेल्या स्त्रियांच्या मंडळात साळिंदराच्या काट्यांनी सजविलेल्या झग्यांची गणती, योद्धे आपले पराक्रम सांगत तशीच, जाहीरपणे केली जाई. एल्क या मोठ्या हरणाचे सुळेही वेषावर शिवीत. एका जनावराचे असे दोनच दात मिळतात. दोनशे दातांच्या वेषामागे शंभर जनावरांची शिकार असे. शिकाऱ्याचे यश व शिवणारीचे कसब असे एकाच वस्त्रावर मोजता येई.

२००५ साली हेलेना येथे उत्तर शायेन कथनकारांनी शतकाहून अधिक काळचे मौन सोडले आणि कस्टरला घोड्यावरून पाडणारी हीच स्त्री, असे जाहीर केले. सूडाच्या भीतीने हे दडवून ठेवले होते, असे त्यांचे म्हणणे. लष्करी कागदपत्रांतून याची सिद्धता होत नाही. परंतु पराभूतांच्या मौनाचे कारण कागदपत्रांत शोधणे हेच मुळी चमत्कारिक. ती स्वतः १८७९ सालीच घटसर्पाने मरण पावली होती.