गुलमंडीतलं ‘गुल’

औरंगाबाद शहराचं नाव बदललं, सरकारी पाट्या बदलल्या, पण गुलमंडी गुलमंडीच राहिली. सुपारी हनुमानाच्या दर्शनाला येणारे, लग्नाचा बस्ता बांधायला आलेले आणि गर्दीत नुसतीच भर घालणारे, सगळे हे नाव दिवसातून दहादा घेतात. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही. मंडी म्हणजे बाजार, गुल म्हणजे फूल. फुलबाजार, संपलं. पण या ‘गुल’ने केलेला प्रवास पाहिला तर गुलमंडीत उभं राहून थेट इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दिवाणखान्यापर्यंत पोचता येतं, आणि वाटेत हसू येईल असंही बरंच भेटतं.

फारसीत गुल म्हणजे फूल, आणि जुन्या कवितेत नुसतं ‘गुल’ म्हटलं की ते गुलाबाचंच. मग आपला ‘गुलाब’ कोण? गुल अधिक आब. आब म्हणजे पाणी. पंजाबातला तोच, आणि ‘आब राखून वागावं’ म्हणतो त्यातलाही तोच, कारण पाणी आणि तेज यांची सांगड फारसीतही आहे. म्हणजे गुलाब हे मुळात फुलाचं नाव नव्हेच, गुलाबपाण्याचं नाव. इराणात आजही या शब्दाचा अर्थ तोच आहे. आपल्याकडे पाण्याचं नाव फुलाने पळवलं, पाणी बिननावाचं झालं आणि त्याला पुन्हा ‘गुलाबपाणी’ म्हणावं लागलं. फूल-पाणी-पाणी! आपण ‘लेडीज बायका’ म्हणणाऱ्याला हसतो, पण हे कोणाच्या लक्षात येत नाही.

मराठीने जुना अर्थ एका जोडशब्दात मात्र जपला आहे, तो म्हणजे ‘अत्तरगुलाब’. मांडवाच्या दारात एकाच्या हाती अत्तरदाणी असते, तो मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट ओढतो. दुसऱ्याच्या हाती लांब मानेची, वर जाळीचं बोंड असलेली गुलाबदाणी, ती झटकली की चेहऱ्यावर चार थेंब पडतात आणि चष्मेवाले चष्मा पुसत आत जातात. या शब्दातला गुलाब म्हणजे ते थेंब. गुलाबाचं फूल इथे नसलं तरी चालतं.

गुलचं गोत मराठीत मोठं आहे. गुलकंदातला कंद जमिनीतला नव्हे, तो साखरेचा ‘कंद’. गुलहौशी माणसाला फुलांची हौस असायची; आता त्याला नेमकी कशाची हौस असते ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखावं लागतं. गुलालात गुल आणि ‘लाला’ नावाचं लालभडक फूल असल्याचं सांगतात. आणि वीज गेल्यावर आपण ज्या शब्दाने चडफडतो, त्या ‘बत्ती गुल’मध्येही हेच फूल आहे. तेलाचा दिवा बराच वेळ जळला की वातीच्या टोकाला जळका, लालसर गोंडा धरतो. त्या गोंड्यालाही ‘गुल’ म्हणत. त्यावरून उर्दूत दिवा ‘गुल करणं’ म्हणजे विझवणं झालं. दिवे गेले, वाती गेल्या, शब्द राहिला, आणि आता तर बत्तीशिवाय माणसंही गुल होतात, बहुधा उसने पैसे घेतल्यावर.

हाच शब्द तुर्कीत गेला आणि तिथे त्याला जुळा भाऊ भेटला. तुर्कीत ‘ग्युल’ म्हणजे गुलाब, आणि ‘ग्युल’ म्हणजेच ‘हस’. दोन्ही शब्द वेगळे, एक फारसीतून आलेला, दुसरा घरचा, पण उच्चार एकच. संस्कृतालाही फुलणं आणि हसणं जवळचं वाटलंच होतं. विष्णुसहस्रनामात ‘पुष्पहास’ हे नाव आहे. तुर्कीत मात्र हे शब्दशः एकच झालं, आणि त्यावर खेळ रचला नसता तरच नवल.

तो खेळ पाहिला लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या बाईंनी. यांचा नवरा इस्तंबूलला इंग्रजांचा वकील होता. देवी टोचण्याची तुर्की रीत इंग्लंडात नेणाऱ्या त्या याच. १७१८ साली त्यांनी मायदेशी मैत्रिणीला पत्र लिहिलं आणि त्यात एका ‘प्रेमपत्रा’चं वर्णन केलं. पत्र कसलं, ती एक छोटी थैली होती. आत मोती, लवंग, नाशपाती, साबण, कोळसा, मिरी आणि एक गुलाब. प्रत्येक वस्तूच्या नावाशी यमक जुळणारी एकेक ओळ ठरलेली. तुर्कीत नाशपातीला ‘आर्मुत’ म्हणतात, त्याला ‘उमुत’ म्हणजे आशा जुळते. म्हणून नाशपाती हाती आली की आशेची ओळ आठवायची. गुलाबाची ओळ अर्थात हसण्याची. बाईंच्या मृत्यूनंतर १७६३ साली पत्रं छापली गेली, आणि या खेळाला युरोपात नाव पडलं ‘सेलाम’. म्हणजे आपला सलाम.

मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागू नये. हा तर आपला उखाणा. नाव घेताना पहिल्या ओळीत मोगरा येतो, द्राक्षांचा घड येतो, समई येते. त्यांचा नवऱ्याशी काडीचा संबंध नसतो, काम असतं यमकाचं. आता एखाद्या साहेबाने आपल्या बायकांचे उखाणे ऐकावेत आणि लंडनला जाऊन ‘मराठीत द्राक्ष म्हणजे पतिभक्ती, समई म्हणजे निष्ठा’ असा कोश छापावा, तर कसं होईल? युरोपात अगदी तेच झालं. योसेफ फॉन हामर या ऑस्ट्रियन पंडिताने १८०९ सालीच सांगून पाहिलं की ही प्रेमिकांची गुप्त लिपी नसून अंतःपुरातल्या बायकांचा वेळ घालवण्याचा यमकखेळ आहे. कोण ऐकतो? १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने ‘फुलांची भाषा’ नावाचं पुस्तक आलं आणि पाठोपाठ इंग्रजीत अशा पुस्तकांचं पीक आलं. साबण, कोळसा, मिरी गळाली, फुलं उरली. यमकं गळाली, अर्थ उरले. त्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक केट ग्रीनअवे या चित्रकार बाईंचं, १८८४ सालचं. चित्रं देखणी आणि अर्थ पक्के, जणू वनस्पतिशास्त्रातच लिहून ठेवल्यासारखे.

हे पुस्तक दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाचावं. त्यात झेंडूच्या जातीला वाटून दिलेले अर्थ असे: साधा मॅरिगोल्ड म्हणजे दुःख, फ्रेंच म्हणजे मत्सर आणि आफ्रिकन, म्हणजे आपला टपोरा गोंड्याचा झेंडू, हलक्या मनाची माणसं. (हा आफ्रिकन आणि हा फ्रेंच, दोघेही मूळचे मेक्सिकोकडचे, ही आणखी एक गंमत.) निशिगंध म्हणजे धोक्याचं सुख. पिवळी शेवंती म्हणजे झिडकारलेलं प्रेम. आता आपलं बघा. दसऱ्याला पहाटेपासून रस्त्याकडेला झेंडूचे ढीग पडतात, गिऱ्हाईक दोन फुलं उचलून देठ दाबून पाहतं, भाव पाडतं आणि किलोने घेऊन जातं. दुपारपर्यंत रिक्षा, ट्रॅक्टर, लेथ मशीन, दुकानाची चौकट, सगळ्यांवर ती ‘हलकी मनं’ माळून झालेली असतात. लग्नात नवरा-नवरी एकमेकांच्या गळ्यात निशिगंधाचे हार घालतात. ग्रीनअवेबाई मांडवात असत्या तर त्यांनी आहेर न करताच काढता पाय घेतला असता.

एका माणसाच्या बाबतीत मात्र त्यांचा झेंडू अचूक लागू पडतो. प्रल्हाद केशव अत्रे. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी १९२५ साली विडंबनांचा संग्रह काढला त्याचं नाव ‘झेंडूची फुले’. त्या वेळच्या कवितेत प्राजक्त, बकुळ, जाईजुई यांचा घमघमाट होता. अत्र्यांनी ढिगाने विकलं जाणारं, उग्र वासाचं, कोणीही कुठेही टोचावं असं फूल उचललं आणि सगळ्या नाजूक परसबागेची चेष्टा मांडली. त्यांनी इंग्रजी पुष्पकोश समोर ठेवला होता असं म्हणायला आधार नाही, आणि गरजही नाही. झेंडूचा गावठीपणा ओळखायला मराठी माणसाला कोश लागत नाही. माझ्या मते मराठी साहित्यात फुलाच्या नावाचा इतका नेमका वापर दुसऱ्या कोणी केलेला नाही.

फुलांचं नाव देऊन ग्रंथ काढण्याची रीत औरंगाबादेला त्याच्या किती तरी आधीपासून माहीत होती. लक्ष्मीनारायण शफीक हा इथेच जन्मलेला कवी, खुलताबादेत चिरनिद्रा घेणाऱ्या आझाद बिलग्रामींचा शिष्य. पानिपत झालं त्या सुमारास, विशीही न ओलांडलेल्या या पोराने उर्दू कवींचा चरित्रसंग्रह लिहिला: ‘चमनिस्तान-ए-शुअरा’, कवींची बाग. पुढे फारसी कवींचा केला, त्याचं नाव ‘गुल-ए-राना’. हा राना गुलाब दुरंगी, आत लाल आणि बाहेर पिवळा. ग्रंथाचेही दोन भाग आहेत, एकात मुसलमान कवी, दुसऱ्यात हिंदू. फूल एकच. असं नाव सुचायला प्रतिभा लागते. ग्रीक मंडळीही निवडक कवितांच्या संग्रहाला ‘फुलं वेचणं’च म्हणत, इंग्रजीतला अँथॉलॉजी तिथून आला. आपण आजही तेच करतो, फक्त पेपरवाल्यांच्या भाषेत: ‘व्याख्यानमालेचे तिसरे पुष्प गुंफताना ते बोलत होते.’ माला म्हटली म्हणून व्याख्यानाचं पुष्प झालं, पुष्प झालं म्हणून ते गुंफावं लागलं. बोलता बोलता गुंफणारा वक्ता डोळ्यांसमोर आणला की हसू येतं, पण वाक्य काही सुटत नाही.

जाता जाता खुलताबाद. ‘खुल्द’ म्हणजे चिरंतन स्वर्ग. मराठी कानाला हा खुल्द कळेना, त्याने त्याचा ‘खुलता’ केला, कळी खुलते त्यातला. अबोलीचंही असंच काही झालं असावं. कन्नड मुलखात याच फुलाला ‘अब्बलिगे’च्या जवळपासची नावं आहेत; आपण त्यात ‘अ-बोली’ ऐकली आणि वास नसलेल्या फुलाला न बोलणारं ठरवून टाकलं. मोगऱ्याच्या नाजूकपणावर लट्टू होणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं की संस्कृतात ‘मुद्गर’ म्हणजे लाकडी हातोडा. कपडे बडवायची मोगरी आणि केसांत माळायचा मोगरा एकाच घरचे. टपोरी कळी आडवी धरून पाहा, हातोडा दिसतो.

मग आपल्याकडे फुलांची भाषा नाहीच का? आहे, आणि तीत कोश नसून व्याकरण आहे. कोणतं फूल याला फार महत्त्व नाही, ते कुठे लावलं आणि कुठल्या बाजूला पडलं याला आहे. कोकण-गोव्यातल्या देवळांत कौल लावतात. पुजारी भिजवलेल्या कळ्या किंवा पाकळ्या देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून उभे राहतात. उजवीकडची आधी सुटली तर उजवा कौल, काम होणार. डावीकडची सुटली तर परत विचार करा. लग्न, जमीन, घर, कोर्टाचा खटला, सगळ्याला त्या पाकळीचं उत्तर.

या ‘कौल’ शब्दाकडे जरा नीट बघा. अरबी ‘कौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला जुने राज्यकर्ते कौलनामा लिहून देत, तो हाच. कौल गाणारा तो कव्वाल, त्याची कव्वाली. म्हणजे खुलताबादच्या उरुसातली कव्वाली आणि कोकणातल्या ग्रामदेवतेची पाकळी एकाच शब्दाने बोलतात. निवडणुकीच्या निकालादिवशी वर्तमानपत्रं ‘जनतेचा कौल’ छापतात, तेव्हा मथळ्यात ही पाकळी असते. आणि त्याच संध्याकाळी गुलमंडीतून मिरवणूक निघते तेव्हा जीपवर उधळला जातो तो गुलाल. गुल पुन्हा हजर. नको असलेल्या उमेदवाराच्या नावावर आपण मनातल्या मनात ‘फुली’ मारतो, ती फुलीही छोटं फूलच. फूल वाहिलं तर पूजा, फुली मारली तर बाद!

शब्दकोशांनी यातलं पुष्कळ टिपलं आहे, पण फुलांची गावठी नावं आणि त्यांचे वापर अजून पुरते टिपले गेलेले नाहीत. संध्याकाळी फुलणारी गुलबक्षीच घ्या. मूळ फारसी ‘गुल-ए-अब्बास’. मराठीत गुलबास, गुलबाशी, गुलबक्षी अशी रूपं झाली. व्हिक्टोरियन कोशात तिला बुजरेपणाचं फूल म्हटलं आहे. तुमच्या आजीच्या गावात, वैजापूरला, सिल्लोडला, पैठणला, तिला काय म्हणत? ती देवाला चालायची का, की नुसती पोरींच्या वेण्यांसाठी होती? घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या दिवाळीत एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि फुलाचं नाव, गावाचं नाव आणि ते कुठे वापरत एवढं लिहून घ्या.