न जपलेली काच : वर्तकनगरचे शोकेस, तळेगावचा पैसा आणि प्रभाकर कंदील

ठाण्याच्या वर्तकनगरात गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या वसाहतीचा पुनर्विकास चालू आहे. अशा वेळी घर रिकामे करताना तांब्यापितळेची भांडी वजन करून विकली जातात, लाकडी कपाटासाठी घासाघीस होते; काचेचा मात्र कोणी विचार करत नाही. शोकेसमधला निळा फ्लॉवरपॉट, लग्नात आहेर म्हणून आलेला लेमन सेट, माळ्यावरचा कंदील हे सारे एका गोणीत भरले जाते आणि गोणी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

ही काच पुढे जाते कुठे? बहुतांशी पुन्हा भट्टीत. काचेचा चुरा कच्च्या मालात मिसळला की मिश्रण कमी उष्णतेत वितळते आणि इंधन वाचते. त्यामुळे भंगारात गेलेली काच वस्तू म्हणून कायमची संपते. मातीचे भांडे फुटले तर त्याचे खापर हजारो वर्षे उरते आणि उत्खननात सापडते. काचेच्या फुलदाणीची मात्र उद्या बाटली होते.

याच काळातली काच जगात इतरत्र अतिशय निगुतीने जपली जाते. फिनलंडच्या आल्वार आल्टो यांनी १९३६ साली रेखाटलेली नागमोडी कडांची फुलदाणी, मुरानोच्या वेनिनी कारखान्यात १९४८च्या सुमारास घडलेली, हवेत उडणारा रुमाल गोठवावा तशी दिसणारी फुलदाणी, अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातील ब्लेंको कारखान्याचे उंच बुचांचे डिकँटर, इंग्लंडच्या व्हाइटफ्रायर्ससाठी जेफ्री बॅक्स्टर यांनी झाडाची साल आणि खिळे साच्यात लावून १९६७ साली बाजारात आणलेल्या खडबडीत फुलदाण्या: या सगळ्यांचे संग्राहक आहेत, त्यांवर ग्रंथ आहेत, त्यांचे लिलाव होतात.

मग त्याच दशकांतली मराठी मुलखातली काच कुठे गेली? ती बनलीच नाही, हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही.

गोष्ट एका पैशापासून सुरू होते. हा पैसा आजचा नव्हे. १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे होत आणि आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाला ६४ पैसे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिले. हिशेब पाहिला म्हणजे या कल्पनेतले धाडस कळते: हजार रुपये जमवायचे तर ६४,००० वेळा कोणापुढे तरी हात पसरावा लागणार होता.

त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. कापड नाही, साखर नाही, काचच का? कारण दिव्याची चिमणी, औषधाची बाटली, बांगडी या रोजच्या वस्तू ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आणि जपान येथून बोटीने येत होत्या. स्वदेशीची शपथ घेतलेल्या घरातही संध्याकाळी जो दिवा लागे, त्याची काच परदेशी असे. तळेगावच्या कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. उत्तर हिंदुस्थानातून आलेला हा तरुण काचेचे शास्त्र परदेशात, जपानसह, शिकून आला होता. पुढे संयुक्त प्रांतातील बहजोई येथील काच कारखानाही त्यांच्याच नावाशी जोडला गेला.

तळेगावचे खरे उत्पादन कोणते, असे विचारले तर काचेआधी माणसांचे नाव घ्यावे लागेल. हा कारखाना शाळाही होता. भट्टीपुढे फुंकनळी धरायला शिकलेली मुले इथून देशभरच्या कारखान्यांत गेली. भारतीय काचउद्योगाच्या इतिहासात या शाळेला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

मग पहिले महायुद्ध आले आणि युरोपची काच येणे थांबले. याच टंचाईच्या दिवसांत, १९१६ साली, कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. किर्लोस्करवाडीप्रमाणे या उद्योगालाही औंध संस्थानचा आश्रय लाभला. कारखान्याभोवती वस्ती वाढली, तिला ओगलेवाडी हे नाव पडले. कराडचे रेल्वे स्थानक आजही ओगलेवाडीतच आहे. या कारखान्याचा कंदील म्हणजे प्रसिद्ध ‘प्रभाकर’. हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव. प्रभाकर म्हणजे सूर्य. कंदिलाला याहून चपखल नाव मिळणे कठीण.

म्हणजे आल्टोची फुलदाणी जन्मली तेव्हा मराठी मुलखात काच फुंकणारे हात होते, भट्ट्या होत्या, शिक्षणही होते. नव्हती ती चैन. तळेगाव आणि ओगलेवाडी यांच्यापुढचा प्रश्न सुंदर काय दिसेल हा नव्हता. आयात कशी थांबेल हा होता. चिमणी एकसारखी फुगली पाहिजे, दिव्याच्या उष्णतेने तडकता कामा नये आणि स्वस्त पडली पाहिजे, ही कसोटी होती. ती कमी अवघड नव्हती. फुंकलेली काच ताबडतोब थंड केली तर आतला ताण तिला फोडतो. म्हणून ती वेगळ्या भट्टीत तासन्‌तास हळूहळू निववावी लागते. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच हिरवट होते. तो रंग मारण्यासाठी मँगनीज अचूक मापाने घालावे लागते. पारदर्शक, बिनरंगी चिमणी हा त्या काळी कौशल्याचा पुरावा होता. अडचण एवढीच की हे यश डोळ्यांना दिसत नाही. काच जितकी चांगली, तितकी ती अदृश्य!

आता विसाव्या शतकाच्या मध्याकडे यावे. १९५० आणि १९६०च्या दशकांत ब्लेंकोमध्ये वेन हस्टेड हे रेखाटनकार माणसाच्या कमरेपर्यंत पोहोचतील असे डिकँटर घडवत होते. त्याच वेळी मुंबई राज्यात, अर्थात ठाणे जिल्ह्यातही, १९४९च्या कायद्यानुसार संपूर्ण दारूबंदी होती. १९५०च्या एप्रिलपासून ती पूर्णपणे लागू झाली आणि साठच्या दशकात महाराष्ट्रात हळूहळू सैल झाली. मद्याच्या सुरईला मध्यमवर्गीय घरात जागा मिळावी कशी? परवाना काढून पिणारे होते, चोरून पिणारेही होते. पण दोघेही डिकँटर शोकेसमध्ये मांडणारे नव्हते.

दुसरी अडसर आयातीची. १९४७च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने आणि विशेषतः १९५७च्या परकीय चलनाच्या तुटवड्यानंतर चैनीच्या परदेशी वस्तू येणे जवळपास थांबले. मुरानोची फुलदाणी ठाण्यातल्या एखाद्या घरात दिसलीच, तर ती बहुधा जहाजावर नोकरी करणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीतून आलेली असे. सत्तरच्या दशकानंतर आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात रंगीत काच येऊ लागली, पण तोवर तो काळ सरला होता.

या दोन कुंपणांच्या आत जे रुजले, ते म्हणजे लेमन सेट. एक उभट जग, सहा पेले, क्वचित वर सोनेरी किंवा रंगीत पट्टे. पन्हे, कोकम, लिंबाचे सरबत यांसाठीची ही मांडणी हा खरे तर आपल्याकडचा डिकँटर सेटच, फक्त सोवळा. नव्या घरात, नव्या नोकरीत, नव्या लग्नात तो आहेर म्हणून फिरत राही आणि बरेचदा वापरला न जाताच पुढच्या लग्नात पुन्हा आहेर होई. वर्तकनगरच्या आसपास पोखरण रोडवरचे कारखाने आणि साठच्या दशकात आकाराला आलेली वागळे इस्टेट यांनी जो पगारदार वर्ग निर्माण केला, त्याच्या बैठकीच्या खोलीत हा सेट म्हणजे स्थिरावल्याची खूण होती.

अशा पेल्याचा तळ उलटा करून पाहिला तर पुष्कळदा ‘येरा’ हे नाव काचेतच उठवलेले सापडते. हा बडोद्याच्या अलेम्बिक समूहाचा माल. १९०७ साली स्थापन झालेल्या अलेम्बिकच्या संस्थापकांत कोटीभास्कर हे मराठी नाव आहे, हे फारसे कोणाला आठवत नाही. मुंबईत १९६२ साली बोरोसिल स्थापन झाली. तिच्या चंचुपात्रांनी पुढे प्रयोगशाळा भरल्या.

तळावरचे नाव इतके महत्त्वाचे का? कारण संग्राहक ज्याचा पत्ता लावू शकतो, तेच जपतो. ब्लेंकोच्या बहुतेक वस्तूंवर फक्त कागदी लेबल असे आणि ते पहिल्याच धुण्यात जाई. तरीही आज त्या ओळखता येतात, कारण कारखान्याने वर्षागणिक सचित्र सूचीपत्रे काढली आणि ती लोकांनी सांभाळली. व्हाइटफ्रायर्सची भट्टी १९८० साली विझली. तिची सूचीपत्रे उरली आणि त्यांच्या जोरावर संग्राहकांची नवी पिढी उभी राहिली. वस्तू आणि कागद असे दोन्ही उरले तरच संग्रह होतो. आपल्याकडे कागद आधी रद्दीत गेला, वस्तू आता भंगारात जाते आहे.

उपयोगाच्या वस्तूला संग्रहालयात जागा नसते, हा समज मात्र मराठी माणसानेच खोडून काढला आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा, म्हणजे काचेचाच. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, कंगवे, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली. जुन्या वाड्यांतून, अडगळीतून, मोडीच्या ढिगातून. लोक त्यांना वेडे म्हणत. १९७५ साली तो अफाट संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयातला अडकित्ता पाहताना तो कोणे एके काळी दोन आण्यांची वस्तू होता, हे कोणाच्या मनातही येत नाही.

ज्यांना काच जमवायची आहे, अशा तरुणांसाठी मुंबईचा चोर बाजार, त्यातली मटण स्ट्रीट, हे जुने ठिकाण आहे. तिथे दोन दावे हमखास ऐकू येतात. पहिला: ‘आत बुडबुडे आहेत, म्हणजे माल जुना.’ हे खरे नाही. काच पुरेशी तापली नाही किंवा पुरेसा वेळ ठेवली नाही की बुडबुडे राहतात. काल केलेल्या वस्तूतही. दुसरा: ‘तळाला खरखरीत डाग आहे, म्हणजे हातची फुंकणी.’ हे अर्धे खरे आहे. फुंकलेली वस्तू ज्या सळईवर धरतात, ती तोडल्याची ती खूण असते. पण फिरोझाबादेत आजही हाताने फुंकतात, त्यामुळे ती खूण हाताचा पुरावा देते, वयाचा नाही. वयासाठी तळाची कड पाहावी. वर्षानुवर्षे फळीवर सरकवलेल्या वस्तूच्या तळाला निरनिराळ्या दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतात. मुद्दाम घासलेल्या तळाचे ओरखडे एकाच दिशेचे दिसतात.

आणि प्रभाकर कंदील? ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला, पण त्याचे कंदील अजून सापडतात, हौसेने विकतही घेतले जातात. घेणारा टाकीच्या पत्र्यावरचे नाव वाचतो आणि समाधान पावतो. पण कंदील म्हणजे पत्रा आणि काच. पत्रा पन्नास वर्षे टिकतो. काच एखाद्या पावसाळ्यात, वारा आत शिरला किंवा गरम चिमणीवर थेंब पडला की तडकते आणि गावच्या दुकानातून मिळेल ती दुसरी बसवली जाते. त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ प्रभाकर कंदिलांत ओगल्यांचा पत्रा आहे आणि काच भलत्याच कारखान्याची. ज्या काचेसाठी हा सारा खटाटोप झाला, ती तळेगाव-ओगलेवाडीची मूळ काच आज त्या कंदिलांहूनही दुर्मीळ आहे. आणि ती उरलीच असेल, तर एखाद्या माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जादा चिमणीच्या रूपात उरली असेल.