बहुश्रुत व्हा: नाणेघाटाची वाट काय सांगते?

सुसंस्कृतपणा ही शहराची आणि वरच्या जातींची मिरासदारी, हा समज शहापूर-मुरबाडच्या तरुणांनी आधी डोक्यातून काढावा. सोपारा, कल्याणहून जुन्नरला जाणारी प्राचीन व्यापारी वाट मुरबाडच्या नाणेघाटातूनच चढते. जुन्नरला बौद्ध लेणी आहेत. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या ८ व्या व ९ व्या शिलालेखांचे तुकडे सापडले.

गिरनारच्या १२ व्या शिलालेखात अशोक सांगतो की सर्व पंथांनी बहुश्रुत व्हावे, एकमेकांचे ऐकावे. दुसऱ्याची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो.

पण नाणेघाटातला सातवाहनांचा लेख काय सांगतो? अश्वमेध, राजसूय यज्ञ आणि गाईंच्या दक्षिणा! तोही वाचलाच पाहिजे. सोयीचाच इतिहास पाठ करणारा कार्यकर्ता पहिल्याच उलट प्रश्नाला गप्प होतो. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले आणि वेद-स्मृती वाचूनच त्यांची चिकित्सा केली.

म्हणून विहारात वंदनेनंतर तासभर वाचन ठेवा. एक पुस्तक आपल्या विचाराचे, एक विरोधी विचाराचे. नुसत्या घोषणांनी कोणी बहुश्रुत होत नाही.

जय भीम!