दुसऱ्याच्या हातातली छत्री

कराडला प्रीतिसंगमावर संध्याकाळी गर्दी असते. भेळेच्या गाड्या, पोरांची पळापळ, कृष्णा-कोयनेचं पाणी आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी. पुण्याहून सुट्टीला गावी आलो की मी तिथं चक्कर मारतोच. मागच्या खेपेला घाटावर बसून फोनवर बातमी वाचत होतो. उत्तर कोरियानं पुन्हा क्षेपणास्त्र चाचणी केली, अमुक देशांनी निषेध केला, सुरक्षा परिषदेची बैठक बोलावली. या बातमीचा साचा आता पाठ झालाय. तारीख बदलायची, बाकी मजकूर तोच. मग समाधीकडे बघताना आठवलं, की शेजाऱ्याच्या अशाच चाचण्या भारतानं सोसल्या, तेव्हा संरक्षणमंत्री हाच माणूस होता.

चव्हाणांचा जन्म १९१३ चा, आजोळी देवराष्ट्र्यात. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्लेल्या देशाचं संरक्षण खातं सांभाळायला नेहरूंनी त्यांना मुंबईहून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण धावून गेल्यावर पुढं काय झालं, ते सहसा कुणी सांगत नाही.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीननं लोप नोरच्या वाळवंटात पहिला अणुबॉम्ब फोडला. जग तेव्हा भलत्याच गडबडीत होतं. मॉस्कोत ख्रुश्चेव्हना नुकतंच पदावरून हटवलं होतं आणि लंडनमध्ये त्याच दिवशी हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले. दोन दिवसांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन म्हणाले, की जे देश स्वतः अण्वस्त्रं बनवणार नाहीत, त्यांना कुणी अणुबॉम्बची धमकी दिली तर अमेरिका पाठीशी उभी राहील. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या धंद्यात सर्व्हिसची हमी देताना किती वेळात काय करणार आणि नाही केलं तर दंड किती, हे लिहून द्यावं लागतं. इथं त्यातलं काहीच नव्हतं.

२४ ऑक्टोबरला होमी भाभांनी आकाशवाणीवर हिशेब मांडला. पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांच्या आत होईल. नोव्हेंबरात गुंटूरला काँग्रेसच्याच बैठकीत बॉम्बची मागणी झाली. पंतप्रधान शास्त्रींनी ती थोपवली. डिसेंबरात लंडनला गेल्यावर मात्र त्यांनी विल्सन यांच्याकडे विषय काढला. अण्वस्त्रं नसलेल्या देशांना मोठे देश काही हमी देतील का?

चव्हाणांचं काम याहून रोखठोक होतं. सव्वाआठ लाखांची फौज आणि ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल, अशी पाच वर्षांची योजना त्यांच्या काळात ठरली. १९६४ मध्येच ते अमेरिकेला गेले आणि मॉस्कोलाही. अमेरिकेनं एफ-१०४ विमानं द्यायला नकार दिला. सोव्हिएत युनियननं मिग-२१ इथंच बनवायला मदत केली. त्यासाठीचा एक कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. चव्हाण तेव्हा नाशिकचेच खासदार होते.

२७ ऑक्टोबर १९६६ ला चीननं खरा अणुबॉम्ब क्षेपणास्त्रावर बसवून डागला. स्फोट सुमारे १२ किलोटनचा. विमानातून येणारा बॉम्ब अडवायचा निदान प्रयत्न तरी करता येतो. क्षेपणास्त्र अडवायला तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं. नंतर तीन आठवड्यांच्या आत चव्हाण गृहमंत्री झाले, पण प्रश्न तिथंच राहिला.

संयुक्त राष्ट्रांत जाब तरी कुणाला विचारणार? चीनची खुर्ची तैवानकडे होती, बीजिंग सभासदच नव्हतं. १९६७ मध्ये एल. के. झा आणि विक्रम साराभाई हमीची बोलणी करायला मोठ्या राजधान्यांत फिरून आले. अखेर १९ जून १९६८ ला सुरक्षा परिषदेनं २५५ क्रमांकाचा ठराव केला. अण्वस्त्र नसलेल्या देशावर अणुहल्ला झाला तर परिषद, आणि विशेषतः तिचे अण्वस्त्रधारी कायम सदस्य, तातडीनं हालचाल करतील. बाजूनं दहा मतं पडली, विरोधात एकही नाही. पाच देश तटस्थ राहिले आणि त्यात भारत होता.

ज्याच्यासाठी छत्री शिवली, तोच ती घ्यायला तयार नव्हता. का, ते ऑक्टोबर १९७१ मध्ये उघड दिसलं. बीजिंगला ती खुर्ची मिळाली, नकाराधिकारासकट. ज्याच्या भीतीनं हमी मागितली, तोच आता हमीवर सही करणाऱ्यांच्या रांगेत बसला.

पुढं भूमिका उलटली. १९७४ ला पोखरण झालं, १९८९ ला अग्नीची पहिली चाचणी झाली, आणि निषेधाचा तोच साचा आपल्यावर वापरला गेला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर बंधनं घालणाऱ्या देशांचा गट १९८७ मध्ये बनला. त्यात आपल्याला जागा मिळाली २०१६ मध्ये. मे २०२२ मध्ये उत्तर कोरियावरचे नवे निर्बंध रशिया आणि चीननं नकाराधिकार वापरून अडवले.

म्हणून हल्ली अशी बातमी आली की मी निषेध करणाऱ्यांची यादी सोडून देतो. त्यातलं नेमकं कोण काय करायला बांधील आहे आणि नकाराधिकार कुणाकडे आहे, एवढंच शोधतो. बहुतेक वेळा बातमीच्या पहिल्या परिच्छेदात ते नसतं.