पिवळ्या गोळीचं माहेर

चाळीत कुणाला दिवस गेलेत हे आजी फोडणीवरून ओळखायची. शेजारच्या चुलीवर लसूण तडतडला आणि एखादी सून नाकाला पदर लावून गॅलरीत आली, की आजी माझ्या आईकडे नुसती बघायची. बोलायची मात्र नाही. तीन महिने भरेपर्यंत या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. सुरुवातीचे दिवस कच्चे, कुणाची दृष्ट लागेल, आणि काही वेडंवाकडं झालं तर चारचौघांत बोभाटा नको. म्हणून तिसऱ्या महिन्यात भरायची ती चोरओटी, दार लोटून, आवाज न करता. डोहाळजेवणाचा झोपाळा आणि फुलांच्या वाड्या थेट सातव्यात.

आजीला लपवायला आणखी एक कारण होतं. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती आणि नायकिणीला कळू द्यायचं नव्हतं. नायकीण म्हणजे बायकांवरची मुकादम. कामावर ठेवणं, काढणं बरंचसं तिच्या शब्दावर. तेलाचा वास, कोंदट हवा आणि पोटात ढवळतंय. आजी पदराच्या गाठीत आवळकाठी बांधून न्यायची. चक्कर आली की सांगायची, आज उपास आहे. "आठवड्यात किती गं उपास करतेस?" असं नायकिणीने एकदा विचारलं होतं. तीही चार लेकरांची आई, तिला का कळत नव्हतं!

१९२९ साली मुंबई इलाख्यात कामगार बायकांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी या विधेयकाची बाजू मांडली होती. दिवसाला आठ आणे मिळायचे, पण ते बाळंतपणाच्या आगेमागेच्या आठवड्यांचे. कायद्याला पोट दिसल्यावरची बाई दिसत होती. ओकाऱ्या काढत साच्यापाशी उभी असलेली दिसत नव्हती.

मी १९८४ साली परळच्या बाजूला एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागले. नोकरीतल्या निम्म्याहून जास्त वर्षांत, नाव नोंदवायला आलेल्या बाईच्या हातावर मी एक बारकी पिवळी गोळी ठेवत आले. फॉलिक ॲसिडची. लोहाची नंतर, चौथा महिना लागल्यावर; आधी दिली तर मळमळीत भर. ही पिवळी गोळी कुठून आली, हे मात्र मला निवृत्ती जवळ आल्यावर एका प्रशिक्षणात कळलं. तिचं माहेर आमच्या प्रसूतिगृहापासून चालत दहा मिनिटांवर निघालं.

१९२८ साली, म्हणजे गिरण्या सहा महिने संपावर होत्या त्याच वर्षी, लुसी विल्स नावाची चाळीस वर्षांची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी परळच्या हाफकिन संस्थेत चालली होती, तिच्यासाठी. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये तिला एक विचित्र पंडुरोग आढळला. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, पण लोहाने रक्त भरत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मोजक्या, आणि असतील त्या आकाराने मोठ्या. जंतू सापडेना. मग विल्सबाईंनी बायका जेवतात काय ते पाहिलं. सगळ्यात गरीब घरातल्या, ज्यांच्या ताटात फळं, पालेभाज्या जवळजवळ नव्हत्याच, त्याच सगळ्यात जास्त आजारी.

तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदीर पंडुरोगी झाले खरे, पण त्यांच्या अंगावरच्या उवांमधून पसरलेल्या जंतूंनी त्यात घोळ घातला. मग माकडं आली. बाकी काही लागू पडेना, तेव्हा एका माकडाला मार्माइट चारलं आणि ते उठून बसलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. (भाच्याने एकदा लंडनहून बाटली आणली होती. करपलेल्या आमटीचा तळ खरवडून त्यात मूठभर मीठ घालावं, तशी चव.) माकडावरून गोष्ट बायकांपर्यंत गेली आणि मरायला टेकलेल्या बायका या स्वस्त चाटणाने सावरल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. ज्यांच्या रक्तातून ते सापडलं त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आजीही त्यांतली एक असेल असं लिहायचा मोह होतो. पण १९२८ साली ती कोकणात परकरी पोर होती.

पुढे १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून हे द्रव्य वेगळं काढलं, आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ साली ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत बनवलं गेलं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

तोवर ही गोळी आईच्या रक्तासाठी होती. बाळासाठी ती ठरली १९९१ साली. सात देशांतल्या ३३ केंद्रांत, आधीचं मूल पाठीच्या कण्याच्या किंवा मेंदूच्या व्यंगाचं झालेल्या बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं. तसलं व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण कुणालाही गोळीविना ठेवणं आता अन्याय होता.

इथे दिवसांचा हिशेब बघा. आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. पाळी चुकते तेव्हा कागदावर चार आठवडे झालेले असतात. बाईला झोप आवरत नाही, छाती दुखते, सारखं लघवीला जावं लागतं, आणि हे पाळीआधीचंच असेल म्हणून ती गप्प राहते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास मळमळ सुरू होते, आणि साधारण त्याच वेळी ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मिटून गेलेली असते. गर्भ राहिल्यापासून जेमतेम २८ दिवस.

आणि आमच्याकडे बाई यायची चोरओटी झाल्यावर! कपाळावर कुंकू, सोबत सासू, केसपेपरवर बारा आठवडे. मी गोळी द्यायचे, आईच्या रक्ताला ती हवीच असायची. पण जिच्यासाठी ही सगळी धावपळ, ती नळी दीड महिन्यापूर्वीच मिटलेली असायची. सासूला मी सांगत असे, "मावशी, धाकटीच्या वेळी लग्न ठरलं की पाठवा तिला." मावशी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी काही अभद्र बोलले.

मागच्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. घरी चाचणी केली होती, दोन रेघा उमटल्या. "आत्या, इतक्यात कुणाला बोलू नकोस हं." मी आधी गोळीचं विचारलं. म्हणाली, चार महिने घेतेय. हिंगाच्या डब्यामागे ठेवते, सासूबाईंना कॅल्शियमची म्हणून सांगितलंय.