कुंडी कोणाची? : मुलांच्या बागेचा एक छोटा इतिहास

आमच्या घराच्या गॅलरीत आम्ही एका कुंडीत धणे पेरले. पेरले म्हणजे घरातल्या साडेचार वर्षांच्या मुलीच्या हातून पेरवून घेतले. लाटण्याने हलके रगडून धण्यांची दोन-दोन शकले केली, ती रात्रभर भिजत घातली, सकाळी मातीत बोटाने रेघ ओढून त्यात टाकली आणि वर मातीचा पातळ थर पसरला. धणे उगवायला आठ-दहा दिवस सहज लागतात. मुलीला ते मान्य नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने सगळी कुंडी उकरून प्रत्येक दाणा बाहेर काढला, ‘उगवलंय का ते बघत होते’ असे शांतपणे सांगितले आणि दाणे परत मातीत खुपसले. आम्ही रागावलो. ती रडली. रडता रडता तिने विचारले, ‘कुंडी माझी आहे ना?’

प्रश्न बिनतोड होता. ‘ही तुझी कुंडी’ असे आम्हीच तिला सांगितले होते. हाच प्रश्न युरोपातल्या आणि आपल्याकडच्याही बालशिक्षणाच्या इतिहासात पुनःपुन्हा, वेगवेगळ्या वेषांत उभा राहिलेला दिसतो. लहान मुलाच्या हाती माती दिली की ती खरोखर त्याची होते, की मोठ्यांच्या बागेत त्याला चार घटकांची हौस भागवू दिलेली असते? हा इतिहास थोडा मुळापासून पाहण्यासारखा आहे.

आरंभ रूसोपासून करू. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ ह्या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एक प्रसंग येतो. काल्पनिक विद्यार्थी एमिल आणि त्याचा शिक्षक बागेच्या एका कोपऱ्यात घेवड्याच्या बिया लावतात. रोज दोघे मिळून पाणी घालतात. रोप वर आल्यावर शिक्षक मुलाला सांगतो, की हे तुझे आहे, कारण तुझा वेळ, तुझे श्रम त्यात गेले आहेत. एके दिवशी येऊन पाहतात तो सारी रोपे उपटलेली! मुलगा आकांत करतो. चौकशीत कळते, की हे रोबेर नावाच्या माळ्याचे काम आहे. पण माळ्याचीच तक्रार मोठी निघते. त्याने त्याच जागी माल्टाच्या खरबुजांच्या दुर्मिळ बिया लावल्या होत्या आणि ह्या दोघांनी त्या उकरून वाया घालवल्या होत्या. अखेर तडजोड होते. माळी एक कोपरा मुलाला देतो आणि बजावतो, की माझ्या खरबुजांना हात लावलात तर तुमचा घेवडा मी पुन्हा उपटीन.

रूसोला ह्यातून मालकी म्हणजे काय हे शिकवायचे होते. धडा चोख आहे, पण वाचताना एक गोष्ट खुपते. सारा बेत शिक्षकाचा आहे. कोठे पेरायचे, मुलाला आनंद कधी व्हायचा, हे सारे त्याने मनाशी ठरवलेले, आणि मुलाचे दुःखही त्याच्या हिशेबात आधीच धरलेले. बी मातीतले असले तरी बाग कागदावरची आहे, आणि मुलगाही कागदावरचाच. ज्याने हे लिहिले त्याने स्वतःची पाच अपत्ये अनाथालयाच्या स्वाधीन केली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

कागदावरची बाग जमिनीवर आणली ती फ्रीड्रिश फ्रोबेल ह्याने. त्याचा जन्म १७८२ साली जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वर्षाचा होण्याआधीच आई गेली. वडील कामात गढलेले आणि सावत्र आईची माया आटलेली, असे त्याचे बालपण घर आणि बाग ह्यांच्या कुंपणातच गेले. पुढे पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. नंतर शिक्षक झाला, पेस्टालोझीजवळ इव्हर्दाँ येथे राहून शिकला, आणि मध्यंतरी बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांचा अभ्यासही त्याने केला. झाड आणि स्फटिक! त्याच्या सगळ्या शिक्षणविचाराची ही दोन टोके म्हणता येतील. एक आतून वाढणारे, दुसरे नियमाने घडणारे.

१८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली, पण तिला साजेसे नाव काही केल्या सुचेना. त्याचे सहकारी सांगत, की १८४० साली एकदा डोंगरातून चालत येताना तो एकाएकी थबकला आणि आनंदाने ओरडला. नाव सापडले होते: किंडरगार्टन, मुलांची बाग.

ह्या शब्दाचा अर्थ आज आपण बहुधा रूपकानेच घेतो. मुले म्हणजे रोपटी, शिक्षिका म्हणजे माळीण. फ्रोबेललाही हे रूपक प्रिय होते. पण त्याच्या किंडरगार्टनमध्ये खरीखुरी बाग होती, हे आपण विसरलो आहोत. ह्या बागेची आखणी कशी असावी ह्यावर त्याने स्वतंत्र निबंध लिहिला आहे. त्यात मध्यभागी मुलांचे वैयक्तिक वाफे आहेत. जागा कमी असल्यास दोन मुलांत एक वाफा. ह्या छोट्या वाफ्यांना चहूबाजूंनी वेढणारी सामायिक बाग आहे, तिच्या एका भागात फुले, दुसऱ्या भागात भाज्या आणि धान्ये. सामायिक बागेत रोपांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि छोट्या वाफ्यांवर मुलांच्या नावांच्या.

आखणी साधी दिसते, पण तिच्यात मोठा विचार आहे. सामायिक बागेत सर्वांनी मिळून, नियमाने काम करायचे. आपल्या वाफ्यात मात्र मुलाने हवे ते, हवे तसे लावावे. तेथे त्याने रोप वेडेवाकडे हाताळले तरी मोठ्यांनी आडवे येऊ नये. निष्काळजीपणाने रोप मरते, हे त्याला त्या रोपाकडूनच कळू द्यावे. रूसोचा शिक्षक मुलाच्या दुःखाची योजना करतो. फ्रोबेल मुलाला चूक करण्याची जागा मोजून देतो, आणि त्या जागेवर त्याच्या नावाची पाटी लावतो. आणखी एक गोष्ट अशी, की ती जागा एकाकी नाही. सर्वांची बाग तिला वेढून आहे. स्वतःचे आणि सर्वांचे ह्यांतले नाते फ्रोबेलने प्रवचनाने सांगितले नाही, वाफ्यांच्या रचनेने दाखवले.

१८४४ साली त्याने मातांसाठी गाण्यांचे आणि हातांच्या खेळांचे एक सचित्र पुस्तक काढले. ह्या विचाराची खरी सुरुवात त्याच्या मते शाळेत नव्हती, घरात आईच्या मांडीवर होती.

पुढे काय झाले हे मात्र विषण्ण करणारे आहे. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. मुलांना नास्तिक आणि समाजवादी करण्याचा हा डाव आहे, असा आरोप होता. कार्ल फ्रोबेल ह्या त्याच्या पुतण्याच्या लेखनाचे पाप काकाच्या माथी मारले गेले, असे इतिहासकार सांगतात. खुलासे करूनही उपयोग झाला नाही. जून १८५२ मध्ये फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली, त्याच्या मागे आठ वर्षांनी. माती उकरणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांची एका बलाढ्य राज्याला भीती वाटावी, ह्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण मुलाला चार हात जमीन देऊन ‘येथे तुझी सत्ता’ असे म्हणणे खरोखरच वाटते तेवढे निरुपद्रवी नसावे.

बंदीने किंडरगार्टन मेले नाही, उलट त्याच्या शिष्यांबरोबर जगभर पसरले. १८५६ साली मार्गारेटे शुर्त्स हिने अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन येथे जर्मन भाषेतून ते सुरू केले. १८७३ साली सेंट लुइस येथे ते सरकारी शाळेचा भाग झाले. पण दाट वस्तीच्या शहरांत शाळेला जमीन कोठून मिळणार? फ्रोबेलचे लाकडी गोळे, घन आणि ठोकळे पेटीत भरून कोठेही नेता येत होते. वाफा पेटीत भरता येत नव्हता. स्फटिक प्रवासाला निघाला आणि झाड मागे राहिले. हळूहळू बागेच्या नावाची शाळा उरली, बाग मात्र रूपकापुरती राहिली.

तिला पुन्हा मातीत आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे, त्यांत मारिया माँटेसरी ह्यांचे नाव आहे. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. दोन वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथात निसर्ग आणि शेतीकाम ह्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात त्यांनी लंडनच्या शिक्षिका लूसी लॅटर ह्यांच्या शाळेतल्या बागकामाचे ऋण मानले आहे. लॅटरबाईंनी शहरातल्या शिशुवर्गातही बाग करता येते हे दाखवून १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले होते. माँटेसरींचा भर एका गोष्टीवर आहे. मुलाला वाट पाहायला शिकवणारा गुरू म्हणजे झाड. मोठ्या माणसाने ‘थांब’ म्हटले तर तो हुकूम होतो. बी थांबायला लावते तेव्हा तो हुकूम नसतो, ती वस्तुस्थिती असते. १९३९ साली माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि युद्धामुळे येथेच अडकल्या. ह्या मुक्कामातली काही वर्षे कोडईकनालच्या डोंगरात गेली, आणि तेथे त्यांच्या विचारात निसर्गाला आणखी मोठे स्थान मिळाले.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडची कथा शब्दांच्या वाटेने सांगता येते. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांनी बालशाळा काढली ती ‘बालमंदिर’. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक १९३६ च्या सुमारास मुंबईत दादरला आल्या तेव्हा नाव झाले ‘शिशुविहार’. पुढे १९४५ साली ताराबाई खेड्यात, बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. येथे शब्द रुजला ‘बालवाडी’. मंदिरातून विहारात आणि विहारातून वाडीत! मंदिरात देवता असते, विहारात मन रमते, आणि वाडीत काम करावे लागते.

‘वाडी’ म्हणजे देशावर लहान वस्ती. पण बोर्डी समुद्रकाठी, त्याकाळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात आहे, आणि तो मुलूख चिकूच्या बागांचा आहे. त्या किनाऱ्यावर वाडी म्हणजे झाडांची लावलेली, शिंपलेली, राखलेली बाग. तेव्हा त्या मातीत उच्चारलेल्या ‘बालवाडी’त फ्रोबेलच्या शब्दाचा पुरा अर्थ आपोआप आलेला आहे, असे आम्हांस वाटते. तो ठरवून आणला की बोलीनेच आणून दिला, ह्याने फारसा फरक पडत नाही.

ह्या दोघींनी आणखी एक पाऊल टाकले. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या दारी, अंगणात न्यायची. ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्या कामातून आला आणि १९७५ पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेद्वारे देशभर पोहोचला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसताच शाळा कुरणात भरवली. ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, पाने, शंख, खडे हीच साधने झाली. झाड पेटीत भरता येत नाही म्हणून युरोपने ते मागे ठेवले होते. कोसबाडने पेटीच मागे ठेवली.

आणि घर? मराठी घरात मुलांच्या बागेला वेगळे नाव नव्हते, पण बाग नव्हती असे नाही. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरायचे, नऊ दिवस पाणी शिंपडायचे, पिवळसर हिरवे अंकुर वीत-वीत वाढलेले पाहायचे आणि दसऱ्याला ते टोपीत खोवायचे, हा कित्येक पिढ्यांनी लहानपणी घेतलेला वनस्पतिशास्त्राचा पहिला पाठ आहे. तुळशीला पाणी घालणे मुलांकडेच असे. परसात आळूला सांडपाणी जाई, आणि नारळाच्या करवंटीत पेरलेली मेथी दोन-तीन दिवसांत डोके वर काढी. पण नीट पाहिले तर ही सारी सामायिक बाग आहे. घटाला हात लावायचा नाही. तुळस देवाची, आळू आजीचा. मूल तेथे मदतनीस आणि साक्षीदार असे, मालक नसे. फ्रोबेलच्या आराखड्यातला बाहेरचा वेढा आपल्याकडे पहिल्यापासून समृद्ध होता. मधला छोटा वाफा, नावाची पाटी लावलेला, तेवढा राहून गेला.

आता परसही गेले आणि शहरातल्या पुष्कळ घरांत गॅलरीतल्या चार कुंड्या उरल्या. जागा इतकी थोडी असताना मुलाला चुकण्यासाठी त्यातली एक द्यावी, हे मोठ्यांच्या जिवावर येते. आमच्याही आले होते. कोथिंबीर वाया गेली ह्याचे दुःख आम्हांस खरोखर होते काय? चार धणे ते! दुःख ह्याचे होते, की ‘तुझी’ म्हणून दिलेल्या कुंडीत आमच्या मनासारखे घडले नाही. मुलीने बी उकरले ते अज्ञानाने नव्हे. मातीखाली काय चालले आहे हे जाणून घ्यायची तिला घाई होती. आम्हांसही तीच घाई होती, फक्त आमचे उकरणे वेगळे होते. आम्ही मुलीला उकरून पाहत होतो, की आमची शिकवण उगवली का.

असो. आता गॅलरीत व्यवस्था बदलली आहे. तीन कुंड्या सर्वांच्या आहेत आणि त्यांना नियम आहेत. चौथीवर मुलीच्या नावाची पाटी आहे. तीत मेथी पेरलेली असते. तिच्या घाईला दोन दिवसांचे बी बरे, एवढीच आमची लुडबूड. कधी त्या कुंडीत मेथीऐवजी खडे पेरलेले असतात, कधी चिखल असतो. परवा काही वाल तिने लावले आणि एकही उकरला नाही. कारण विचारण्याचा मोह आम्ही आवरला.